खुंटी तुलाच पिळायची आहे

बयो, मिरजेहून सितार आली असं तू सांगितलंस, तेव्हापासून तुझ्याशी निवांत बोलायचं मनात होतं. तू विचारलंस ते सगळं फोनबद्दल. कॅमेरा कुठे ठेवू, वायफाय पुरेल का, हेडफोन कुठले घेऊ. तेही सांगते, पण आधी तू न विचारलेलं ऐक.

गुरुजींसमोर बसून शिकणाऱ्या मुलीची सितार पहिले काही महिने तेच जुळवून देतात. बोट पडद्यावर चुकीच्या जागी पडलं, तर धरून नीट ठेवतात. तुझे गुरुजी स्क्रीनच्या पलीकडे, त्यांना ते करता येणार नाही. बेसूर झालंय एवढंच ते सांगतील, खुंटी मात्र तुलाच पिळायची आहे. म्हणून पहिला क्लास सुरू व्हायच्या आधीचे पंधरा दिवस वाजवायची घाई करू नकोस. रोज फक्त जुळव. गुरुजींना तुझी पट्टी विचारून घे. सितारीला बहुधा काळी एक नाहीतर पांढरी दोन असते. तानपुऱ्याचं अ‍ॅप लाव, डोळे मीट, जोडाची तार षड्जाला आण, मग बाजाची मध्यमाला. ट्यूनरच्या काट्याकडे शेवटी बघ, आधी नको. फरक केसाएवढा उरला तर खुंटीला हात न लावता तारेत ओवलेला मणका सरकव. खालच्या अकरा-तेरा तरफांची आत्ता धास्ती घेऊ नकोस, त्या सावकाश जमतात.

माझी पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. क्लासला पाच मिनिटं उरलेली आणि खुंटी जागची हलेना. मी जोर लावून पिळली. तार तुटून मनगटावर सपकन बसली, आणि समोर स्क्रीनवर गुरुजी नुसते बघत राहिले. बिचारे करणार तरी काय! तो अख्खा तास मी रडण्यात घालवला. तेव्हापासून अर्धा तास आधी सितार मांडीवर घेते.

दोष खुंटीचा नव्हता गं, घडवणाऱ्याचाही नव्हता. मिरजेत हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले, आणि ती कारागिरी तिथे आजही चालू आहे. 2024 मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या कोरड्या रानातला, आणि ती आली आंबा घाट उतरून आपल्याकडे रत्नागिरीला, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लाकूड दमट हवेत फुगतं, खुंटी आवळून बसते. अशा वेळी पिळण्याआधी ती किंचित बाहेर ओढून सैल कर. कोरड्या हवेत उलट घसरायला लागली, तर तिला खडू चोळ. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की सुती कापडाने प्रत्येक तार पूस. बोटांना खोबरेल लावशील ते नुसतं टेकवल्याएवढंच. आणि पावसाळ्यात सितार जांभ्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, त्या भिंती ओल धरतात.

आता फोन. तो समोर न ठेवता जरा उजव्या अंगाला, स्टुलावर ठेव, म्हणजे नखीचा हात आणि पडद्यांवरची बोटं दोन्ही दिसतील. झूम असेल तर सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू कर. नाहीतर तुझी लांबवलेली मींड त्याला पंख्याची घरघर वाटते आणि तो ती गिळून टाकतो. गुरुजी म्हणतील, ‘सूर का सोडलास?’ आणि तू तर सोडलेला नसतो. हेडफोन वायरचाच घे, ब्लूटूथने आवाज आणखी उशिरा पोचतो. आवाज असा मागे-पुढे होत असल्याने गुरुजींबरोबर वाजवायला जाऊ नकोस. आधी ऐक, मग वाजव. तानपुरा दुसऱ्या फोनवर, तुझ्याच खोलीत लाव. वीज जाणारच, तेव्हा राउटर इन्व्हर्टरवर घे आणि मोबाइलचा डेटा शिल्लक ठेव. मागच्या पडवीला पत्रे आहेत ना? मग तिथे बसू नकोस, सर आली की काही ऐकू येणार नाही.

आणखी एक मनातलं. एकटीने शिकताना आपण नेमकं कसं वाजवतोय ते कळेनासं होतं. हिवाळ्यात थिबा राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कलचा संगीत महोत्सव भरतो, तिथे माझ्याबरोबर चल. सितारवादन असो वा नसो, वादक वाद्य जुळवायला लागले की लोक गप्पा मारतात. आपण तेव्हाच कान देऊन ऐकायचं.

उद्या दुपारी सितार घेऊन माझ्याकडे ये. मी खुंट्यांना हात लावणार नाही, शेजारी बसून राहीन. तुझी जोडाची तार षड्जाला लागेपर्यंत चहा टाकणार नाही.