पंपघरातील तारांना झाकलेला पाट : ट्रंकिंगचा उपयोग

पांझरेच्या काठच्या शेतकऱ्यास पाटाची शिस्त शिकवावी लागत नाही. साक्री तालुक्यातील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी ठरलेल्या पाटानेच फडावर जाते आणि त्यावर पाटकऱ्याची नजर असते. परंतु अनेक पंपघरांत विजेच्या तारा मात्र वाट मिळेल तशा गेलेल्या आढळतात. काही खिळ्याला अडकविलेल्या असतात, काही पत्र्याला घासतात, तर काही खताच्या गोण्यांमागे दडलेल्या असतात. पाट फुटला तर डोळ्यांना दिसतो. तारेचे आवरण फाटले तर ते बहुधा हात लागल्यावरच कळते. म्हणून तारांनाही स्वतंत्र व झाकलेला पाट असावयास हवा. या पाटासच ट्रंकिंग असे म्हणतात.

रावेर तालुक्यातील एका केळीच्या मळ्यात प्रस्तुत लेखकास आलेला अनुभव येथे देणे उपयुक्त होईल. पंपघर पत्र्याचे होते. स्टार्टरची एक तार पत्र्याच्या धारेवर टेकली होती. मोटार सुरू होताना बसणाऱ्या हादऱ्यांनी तिचे आवरण झिजले व सर्व पत्र्यात वीज उतरली. पत्रा अर्थिंगला जोडलेला नव्हता. कोरड्या जमिनीतून अगदी थोडाच प्रवाह गेल्यामुळे फ्यूज उडाला नाही. रात्रीच्या पाळीस ओल्या पायांनी आलेल्या सालदाराने दाराला हात लावला आणि तो दूर फेकला गेला. सुदैवाने त्याचा जीव वाचला. तारेला वाट असती आणि पत्र्याला अर्थिंग असते, तर हा प्रसंग टळला असता.

ट्रंकिंग म्हणजे काय? ट्रंकिंग ही चौकोनी पन्हळ असून तिला काढता-घालता येणारे झाकण असते. घराच्या फिटिंगमधील केसिंग पट्टी हे तिचेच लहान रूप होय. नळीतून तार ओढून घ्यावी लागते. ट्रंकिंगमध्ये झाकण काढून ती नुसती ठेवता येते. त्यामुळे तपासणी करणे, तार बदलणे वा नवीन तार घालणे सुलभ होते. ट्रंकिंग पीव्हीसीचे किंवा लोखंडी पत्र्याचे मिळते. ठिबकचा फिल्टर व खताची टाकी पंपघरातच असल्यास ओल आणि खतातील क्षार यांनी लोखंड गंजते; तेथे पीव्हीसी बरे.

बसविताना पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात.

(१) पन्हळ ठेचून भरू नये. आतील जागेपैकी सुमारे ४५ टक्केच तारांनी व्यापावी. उदाहरणार्थ, स्टार-डेल्टा स्टार्टरच्या एका मोटारीस येणाऱ्या तीन, जाणाऱ्या सहा व अर्थिंगची एक अशा दहा तारा लागतात. तार बाहेरून ५ मि.मी. जाड असल्यास तिचा छेद सुमारे २० चौ. मि.मी. होतो, म्हणजे दहा तारांस २०० चौ. मि.मी. जागा हवी. आतून २५ × २५ मि.मी. असलेल्या पन्हळीत २८० चौ. मि.मी. जागा वापरता येते, म्हणून ती पुरते. दोन मोटारींच्या वीस तारांस मात्र ४० × २५ मि.मी. ची पन्हळ घ्यावी.

(२) उष्णतेचा विचार करावा. साधी पीव्हीसी आवरणाची तार ७० अंश सें. पर्यंतच टिकाव धरते. खानदेशात मे महिन्यात सावलीतील तापमानच ४४-४५ अंशांवर जाते. पत्र्याखाली ते आणखी वाढते. शिवाय एकत्र ठेवलेल्या तारा परस्परांस तापवितात. म्हणून तारेची जाडी वायरमनकडून हिशेब करूनच ठरवावी.

(३) पन्हळीत जोड देऊ नये. जोड द्यावयाचाच झाल्यास तो झाकणाच्या जोडपेटीत द्यावा. ठिबकच्या स्वयंचलित व्हॉल्व्हच्या बारीक तारा निराळ्या पन्हळीतून न्याव्यात.

(४) लोखंडी ट्रंकिंग असल्यास मोटारीचे तिन्ही फेज एकाच पन्हळीत ठेवावेत. अन्यथा लोखंड तापते. प्रत्येक सांध्यावर तांब्याची पट्टी जोडून सर्व पन्हळ अर्थिंगशी जोडावी आणि कापलेल्या धारा कानशीने घासून गुळगुळीत कराव्यात.

(५) दोन्ही टोके व छिद्रे बंद करावीत. मोकळ्या टोकातून उंदीर, पाली व मुंग्या शिरतात.

(६) पन्हळ पंपघरापुरतीच ठेवावी. साधी पीव्हीसी पन्हळ उन्हाने ठिसूळ होते. पंपघरापासून विहिरीपर्यंत आर्मर्ड केबल सुमारे ७५ सें.मी. खोल चरात, खाली-वर वाळू व त्यावर विटा देऊन पुरावी. चराची जागा खुणेचे दगड लावून दाखवावी, म्हणजे नांगराचा फाळ तिला लागणार नाही.

ट्रंकिंग केले म्हणजे अर्थिंगची गरज संपली, असे मात्र मानू नये. पन्हळ तारेचे रक्षण करते. माणसाच्या रक्षणासाठी अर्थिंग व गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर ही दोन्ही हवीतच.

हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. झाकण उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा व फ्यूज काढून जवळ ठेवावेत. वीज नाही म्हणून हात घालणे घातक आहे; ती केव्हाही परत येते आणि ऑटो स्विच असल्यास मोटार आपोआप सुरू होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी गावातील पंपघरे शेतकऱ्यांसमवेत पाहावीत. झाकणे जागेवर आहेत काय, तार कोठे पत्र्याला टेकते काय, अर्थिंगच्या खड्ड्यात ओल आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल. केळीचे पाणी चार दिवस चुकले तर घड हलका भरतो, ही हानी पुढील हंगामात भरून काढता येते. रात्री पाणी धरावयास गेलेला माणूस मात्र सुखरूप घरी परतलाच पाहिजे.