चुलत, आते, मामे, मावस : दूरच्या नात्याला पत्र लिहायला शिकवताना



पत्रलेखन हा घटक आपण दरवर्षी घेतो. फळ्यावर उजव्या कोपऱ्यात पत्ता, खाली दिनांक, मग मायना, मजकूर आणि शेवट. मुलं वहीत उतरवून घेतात. 'मामास पत्र लिहा' म्हटलं की वर्गातल्या सगळ्या मामांना एकच पत्र जातं. सगळ्या मामांची तब्येत बरी असते आणि सगळे भाचे मन लावून अभ्यास करत असतात! मीसुद्धा बरीच वर्षं असंच शिकवलं.

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात एका मुलानं विचारलं, "मॅडम, मोबाइल हाये नं, मंग चिठ्ठी कायले?" प्रश्न बरोबर होता आणि माझ्याजवळ चटकन द्यायला उत्तर नव्हतं. ते शोधताना जे सापडलं, ते आज तुमच्यापुढं ठेवते. शेवटी पाठ कसा घेतला तेही सांगते, म्हणजे तुम्हाला तुमच्या वर्गात करून पाहता येईल.

आधी नातं, मग पत्र

सुरुवात मी नात्याच्या शब्दांपासून केली. इंग्रजीत 'कझिन' म्हटलं की झालं. आपल्याकडं मात्र काकांची मुलं चुलत, आत्याची आते, मामाची मामे आणि मावशीची मावस. नुसत्या शब्दावरून कळतं की हा माणूस आपल्या आईकडचा की वडिलांकडचा, आणि कोणामुळं आपला. आपल्या भागात तर 'मोठी माय', 'मोठे बाबा' हे शब्दही घरोघरी आहेत. तांड्यावरच्या मुलांनी गोरमाटीतले त्यांचे शब्द सांगितले, तेही फळ्यावर लिहिले.

मग विचारलं, "तुमचा असा एक भाऊ किंवा बहीण सांगा, जी आपल्या गावात राहत नाही." हात भराभर वर आले. कोणाचा मावसभाऊ पुण्याला, कोणाची आतेबहीण सुरतेला. पण नातं नेमकं काय, असं विचारल्यावर निम्मी मुलं अडली. "भाऊच हाये, मॅडम." कोणाचा मुलगा? माहीत नाही.

एक मुलगी म्हणाली, "माही चुलतबहीण फडावर हाये." सोयाबीन निघालं, दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा शहरात बांधकामावर जातात. ही मुलगी आजीजवळ राहिलेली आणि तिची चुलतबहीण आईवडिलांसोबत गेलेली. "पत्ता काय तिचा?" ती गप्प झाली. फडावरच्या कोपीला घरनंबर नसतो. मुकादमाचा फोन असतो, पण त्यावर मोठी माणसं बोलतात. पोरींना दोन वाक्यं मिळाली तर मिळाली.

मोबाइल असूनही पत्र का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला इथं मिळालं.

आनंदीबाई, रमाबाई आणि टपाल

उरलेलं अर्धं उत्तर सव्वाशे वर्षांहून जुनं आहे. आनंदीबाई जोशी आपल्या सर्वांना पहिल्या भारतीय महिला डॉक्टरांपैकी एक म्हणून माहीत आहेत. त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होते. पत्नीला अमेरिकेत शिकवावं म्हणून त्यांनी १८८० साली एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. ते पत्र तिकडच्या एका नियतकालिकात छापून आलं आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दातांच्या डॉक्टरकडं वाट पाहत बसल्या असताना वाचलं. त्यांनी स्वतःहून लिहिलं आणि पत्रव्यवहार सुरू झाला.

दोघींनी एकमेकींना पाहिलेलं नव्हतं. पत्रांतून घर, सण, चालीरीती अशा रोजच्या गोष्टी जात-येत राहिल्या. आनंदीबाई त्यांना 'आन्ट' म्हणू लागल्या. इंग्रजीत आन्ट म्हणजे काकू, आत्या, मामी, मावशी यांपैकी कोणीही. पण मराठीत आपण त्यांना 'कार्पेंटर मावशी' म्हणूनच ओळखतो. रक्ताचं नातं नाही, तरी पत्रांनी त्या आईच्या बहिणीच्या जागी आल्या. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. उतरवून घ्यायला हीच मावशी होती.

त्याच वर्षी पंडिता रमाबाई आपल्या लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. रमाबाई म्हणजे आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या बहीण. इंग्लंडच्या प्रवासाबद्दल रमाबाईंनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना एक मोठं मराठी पत्र लिहिलं. ते इकडं 'इंग्लंडचा प्रवास' म्हणून छापलं गेलं. म्हणजे एक पत्र पुस्तक झालं.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंचा पदवीदान समारंभ झाला. त्यासाठी रमाबाई समुद्र ओलांडून हजर राहिल्या. परक्या देशात माहेरच्या नात्याचं एक माणूस समोर बसलेलं असणं काय असतं, हे दिवाळीत एकट्या होस्टेलवर राहिलेल्या मुलीला विचारा. रमाबाई पुढं अडीच-तीन वर्षं अमेरिकेतच राहिल्या, फिरल्या, बोलल्या. परत आल्यावर त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते ११ मार्च १८८९ ला. तारीख बघा, बरोबर तीन वर्षांनी तीच.

आनंदीबाई मात्र २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडं पाठवली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथल्या त्यांच्या घरच्या स्मशानभूमीत ती ठेवली गेली. मावशींनी पत्रंही टाकून दिली नाहीत. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ साली इंग्रजीत आनंदीबाईंचं चरित्र लिहिलं, तेव्हा त्यांना या पत्रांचा आधार मिळाला. पुढं काशीबाई कानिटकरांनी मराठीत चरित्र लिहिलं, त्यातही पत्रं आहेत. आज आनंदीबाई काय विचार करत होत्या हे आपल्याला कळतं, कारण त्यांनी लिहिलं आणि कोणीतरी जपून ठेवलं.

ज्यांची पत्रं नाहीत

आता याची दुसरी बाजू. १८३४ ते १९२० या काळात भारतातून सुमारे साडेचार लाख मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारानं नेले गेले. त्यांत कोकणातून गेलेली मराठी माणसंही होती. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पोर्ट लुईसच्या ज्या घाटावर ते उतरले, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. त्यांची नोंद सरकारी रजिस्टरात झाली. नाव, बापाचं नाव, वय, गाव. आज त्यांचे वंशज आपलं मूळ गाव शोधायला मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ठेवलेल्या नोंदी बघतात. तिथं मराठी अजून प्राथमिक शाळेत शिकवली जाते, सण होतात. पण गावाकडच्या चुलतभावाचं नाव? दोन पिढ्या पत्र गेलं-आलं नाही की ते पुसून जातं.

पत्र असूनही वाचता न येणं हा आणखी एक प्रकार. १८२० ते १९२० या शंभर वर्षांत पन्नास लाखांहून अधिक जर्मन माणसं अमेरिकेत गेली. दोन्हीकडच्या चुलत-मावस भावंडांत वर्षानुवर्षं पत्रं चालली. पण ती 'कुरेंट' नावाच्या जुन्या वळणाच्या लिपीत. आज नातवंडांच्या हाती पत्रांचा गठ्ठा आहे आणि एक ओळ लागत नाही. हसू नका, आपल्याकडं मोडीचं हेच झालं. पणजोबांचं पत्र पेटीत असतं आणि आपण ते उलटं धरलंय की सुलटं, हेही कळत नाही.

उसाच्या मळ्यावर गेलेल्यांची रजिस्टरात नोंद राहिली, पण त्यांचा स्वतःचा शब्द राहिला नाही. हे वाचलं आणि मला माझ्या वर्गातली ती फडावरची चुलतबहीण आठवली. तिचं नावही आपल्या हजेरीपटावर आहे, स्थलांतरित म्हणून. ती काय बघते, काय खाते, तिला काय वाटतं, हे कुठं आहे? मोबाइलवरचं बोलणं फोन ठेवला की संपतं. लिहिलेलं उरतं. म्हणून, बाळा, चिठ्ठी.

पाठ कसा घेतला

१. नात्यांचा तक्ता. प्रत्येक मुलानं घरी विचारून आईकडची आणि वडिलांकडची भावंडं लिहून आणली. पालकहो, इथं तुमची मदत लागते. आजीला बसवा, मूल विचारील तसं सांगू द्या. मामेभाऊ-आतेबहीण म्हटलं की वर्गात खिदळणं होतंच. होऊ द्या.

२. पत्ता. पिनकोड हा छान स्वतंत्र पाठ आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. त्यामागं श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी होते आणि ते संस्कृतचे पंडितही होते. सहा अंकांतला पहिला विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वाटपाचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. वाशीमचा ४४४५०५ घेऊन अंक फोडून दाखवले. मग मुलांनी आपापल्या भावंडांच्या गावाचा पिन शोधला.

३. मायना. आईवडिलांना तीर्थरूप, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप, लहानांना चिरंजीव, बरोबरीच्याला प्रिय. हे पाठ करून घेतलं नाही. "तुझी मावसबहीण तुझ्यापेक्षा मोठी की लहान?" एवढंच विचारलं. मायना आपोआप ठरला.

४. मजकूर. एकच अट ठेवली. 'मी मजेत आहे' हे वाक्य लिहायचं नाही. त्याऐवजी पाच गोष्टी: आज घरी काय शिजलं, शेतात काय चाललंय, घरात कोण आजारी किंवा नवीन, शाळेत काय झालं आणि समोरच्याला विचारायचा एक खरा प्रश्न. भाषा घरची चालेल. एकानं लिहिलं, "आमची गाय यायली, गोऱ्हा झाला, त्याचं नाव तुह्या नावावर ठेवलं." अशी ओळ मी कधी फळ्यावर लिहून देऊ शकले नसते. शुद्धलेखनाच्या लाल खुणा मी कार्डावर केल्या नाहीत, कच्च्या कागदावर केल्या.

५. टाकणं. पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आणलं. सगळे रांगेनं पेटीपाशी गेलो. काही मुलांना कार्ड पेटीच्या फटीतून सोडवेना! "पोचलं नाही तर?"

फडावरच्या बहिणीचं काय केलं? त्या मुलीनं पत्र वहीच्या कागदावर लिहिलं. तिच्या काकांमार्फत मुकादमाच्या मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला आणि मूळ कागद शाळेच्या कपाटात ठेवला. आठ दिवसांनी उलट फोटो आला. बिड्या-काडेपेटीच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं चार ओळी. कोपीजवळ कुत्रीला पिल्लं झाली, पाणी लांबून आणावं लागतं, दुसरीतलं पुस्तक सोबत आहे, ते तीनदा वाचलं. शेवटी, "मले पुढचं पुस्तक ठेव."

हे वाचून मी वर्गात काही बोलू शकले नाही. स्थलांतरित मुलांबद्दल आपण कितीतरी रकाने भरतो. या मुलीला नेमकं काय पाहिजे, हे मला त्या चार ओळींतून कळलं. तिचं पुस्तक आता बाजूला काढून ठेवलं आहे.

सगळ्यांना उत्तरं आली नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगते. काही कार्डं अपुऱ्या पत्त्यानं परत आली. पण परत आलेलं कार्डही मुलांना शिकवून गेलं. आपल्याला आपल्या माणसाचा पत्ता पक्का माहीत नाही, हे त्यांना कळलं आणि त्यांनी तो घरी विचारला.

शिक्षक मित्रांनो, खोट्या मामाला पत्र लिहून घेऊ नका. खरा मामेभाऊ शोधा. आणि पालकहो, घरात जुनी पत्रं असतील तर या सुट्टीत ती ट्रंकेतून काढा, मुलांना वाचून दाखवा. मोडीत असतील तर निदान कोणाची आहेत ते पाकिटावर लिहून ठेवा. तुम्हाला ज्याचं नाव सांगता येतं, ते तुमच्या नातवाला सांगता येईलच असं नाही.

तुमच्या वर्गात हा पाठ करून पाहिलात तर मुलांनी काय लिहिलं ते जरूर कळवा. कळावे, लोभ असावा.