जनावरांच्या वाहनातील तळ : निवड आणि बसवणी

पूर्वी बाजाराचे जनावर पायीच बाजाराला जात असे. घोडेगावचा म्हशींचा बाजार असो वा सांगोल्याचा खिलारांचा, रात्री निघून पहाटे पोहोचावे असा प्रघात होता. आज तेच जनावर टेम्पोतून तासा-दोन तासांत पोहोचते. वेळ वाचला, परंतु पायाखालची माती जाऊन तिच्या जागी लोखंडी पत्रा आला. वाहतुकीत होणाऱ्या इजांची चर्चा निघाली की दाटी, दोर आणि चालकाचा वेग यांवर बोलले जाते. ज्या पत्र्यावर जनावर सारा वेळ उभे असते, त्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

चालत्या वाहनात मोठे जनावर सहसा बसत नाही. वाहन वळले वा थांबले की पाय हलवून ते तोल सावरते. हौद्यातील पत्र्यावर उठावाची नक्षी असते खरी. पण ती पोत्यांसाठी व माणसांच्या पादत्राणांसाठी असते आणि वापराने झिजते. तीवर शेण-मूत पडले की खूर व पत्रा यांच्यामध्ये बुळबुळीत थर तयार होतो. पत्री मारलेल्या बैलाची स्थिती तर अधिकच कठीण, कारण तेथे लोखंडावर लोखंड घसरते. गाभण किंवा नुकत्याच व्यालेल्या गाईचे मागचे पाय फाकले, तर मांडीच्या आतील स्नायू फाटतात आणि अशी गाय पुन्हा उभी राहीलच असे नाही. एका दुभत्या गाईवर ज्याचे घर चालते, त्याच्या दृष्टीने ही हानी लहान नव्हे.

कायद्याने या गोष्टीची दखल फार पूर्वीच घेतली आहे. जनावरांच्या वाहतुकीसंबंधीच्या १९७८ च्या केंद्रीय नियमांनुसार साध्या मालमोटारीतून गुरे न्यायची झाल्यास तळावर काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या यांसारखे घसरण रोखणारे साहित्य असणे आवश्यक आहे. एका वाहनात सहांहून अधिक गुरे नसावीत, सोबत एक माणूस असावा आणि जनावरांची तोंडे शक्यतो इंजिनाकडे असावीत, असेही त्यांत सांगितले आहे. पुढे २०१५ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत भर घालून प्रत्येक गाई-म्हशीसाठी किमान २ चौरस मीटरचा कप्पा ठरविण्यात आला. नियम आहेत, अडचण आहे ती वाहनाची. खेड्यातील टेम्पो आज गाय नेतो, उद्या कांदा आणि परवा सिमेंट. त्याचा मालक कायमचा तळ बसवून घेण्यास सहसा तयार होत नाही.

म्हणून काढता-घालता येणारा लाकडी तळ हाच खेड्यासाठी व्यवहार्य उपाय वाटतो. दूध संस्थेने किंवा ग्रामपंचायतीने असा एक तळ दोन भागांत करून ठेवावा आणि जनावर न्यायचे असेल त्या दिवशी तो टेम्पोत बसवावा. बाभळीच्या किंवा तत्सम कठीण लाकडाच्या सुमारे अडीच सेंटीमीटर जाडीच्या फळ्या घ्याव्यात. त्यांवर प्रवासाच्या दिशेला आडव्या पट्ट्या माराव्यात, म्हणजे ब्रेक लागताच पुढे सरकणारा खूर पट्टीला अडतो. दोन पट्ट्यांमध्ये खूर सपाट टेकेल एवढे, सुमारे २० सेंटीमीटर, अंतर असावे. पट्टी दोन-अडीच सेंटीमीटरहून उंच नसावी आणि तिच्या कडा गोल कराव्यात. अन्यथा घसरणे थांबेल, पण ठेचकाळणे सुरू होईल. आडव्या पट्ट्या वळणावर उपयोगी पडत नाहीत, तेथे पाय बाजूला जातो. त्यासाठी मधून उभ्या पट्ट्याही द्याव्यात किंवा चौकटींत काथ्याची चटई घट्ट बसवावी.

बाजारात रबरी चटयाही मिळतात. चांगल्या जाडीची, वर खडबडीत व खाली पन्हळी असलेली चटई उत्तमच. परंतु ती हौद्याच्या कडेपासून कडेपर्यंत यावी आणि लोखंडी पट्टीखाली बोल्टांनी आवळलेली असावी. सुटी टाकलेली चटई जनावरासह सरकते. ती नसलेलीच बरी. काही जण कारखान्यातील जुना वाहक पट्टा स्वस्तात आणून अंथरतात. तो कोरडा असताना ठीक वाटतो. ओला झाला की पत्र्याहून वेगळा राहत नाही. गोणपाट आणि नुसते पाचट यांविषयीही तेच म्हणावे लागेल. पेंढा हवा तो खडबडीत तळाच्या वर, वासराला बसता यावे म्हणून.

लाकडी तळ बसविताना चारही कोपरे आकड्यांनी हौद्याच्या बाजूंना जखडावेत. खाली जुन्या ट्यूबचे तुकडे घातले म्हणजे फळ्यांचा खडखडाट होत नाही. त्या आवाजानेही जनावर बिथरते. खिळे वापरू नयेत. बोल्टांची डोकी लाकडात बुडवावीत आणि प्रत्येक खेपेपूर्वी तळावरून हात फिरवून पाहावा, कारण लाकूड झिजते, लोखंड तसेच राहते आणि वर आलेले डोके खुरात शिरते.

तळाची परीक्षा कोरड्यावर करू नये. बादलीभर पाण्यात शेण कालवून ते ओतावे आणि गोठ्यातील सर्वांत शांत बैल वर चढवावा. तो पाय फाकून, ताठरून उभा राहिला तर तळावर त्याचा विश्वास नाही असे समजावे.

तळ चांगला असूनही जनावर चढतानाच पडते, हे अनेक बाजारांत दिसते. फाळका उघडून जनावराला बांधावरून ओढून घेण्यापेक्षा बाजार समितीने व पंचायतीने पक्का धक्का बांधावा. फिरता उतार वापरल्यास त्याची लांबी उंचीच्या किमान तिप्पट असावी. हौदा जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर उतार तीन मीटरांचा हवा. त्यावरही २० सेंटीमीटरवर पट्ट्या माराव्यात आणि उतार व हौदा यांमध्ये पाय अडकेल अशी फट राहू देऊ नये.

परतल्यावर तळ काढून दोन्ही बाजूंनी धुवावा. शेण पूर्ण निघाल्यावर धुण्याच्या सोड्याचे ४ टक्के द्रावण, म्हणजे लिटरला ४० ग्रॅम, त्यावर शिंपडावे. लाळ्या-खुरकुताच्या विषाणूवर ते प्रभावी आहे. काथ्याची चटई लवकर वाळत नाही. तिला एक पूर्ण दिवस ऊन द्यावे, आणि पावसाळ्यात ते शक्य नसेल तर दुसरी चटई हाताशी ठेवावी.