वृक्षारोहणातील गाठी : माणसाचा दोर आणि फांदीचा दोर

पानिपत हे नाव मराठी मनात १४ जानेवारी १७६१ या दिवसाशी आणि ‘काला अंब’ या स्थळाशी जोडलेले आहे. ज्या आम्रवृक्षावरून या स्थळाला नाव मिळाले तो आज अस्तित्वात नाही. तेथे स्मारकस्तंभ उभा आहे. पानिपत जिल्ह्यातील जुन्या वृक्षांचा प्रश्न मात्र आजचा आहे. हरियाणा शासनाने २०२१ मध्ये ‘प्राणवायू देवता’ निवृत्तिवेतन योजना जाहीर केली आणि ७५ वर्षांहून अधिक वयाच्या वृक्षांच्या जोपासनेसाठी प्रतिवृक्ष वार्षिक २,५०० रुपये देण्याचे ठरविले. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही नागरी भागांतील ५० वर्षांवरील वृक्षांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून संरक्षण देण्याचे धोरण स्वीकारले.

जुना वृक्ष राखायचा म्हणजे त्याच्या वाळलेल्या, तडकलेल्या फांद्या वेळीच उतरवाव्या लागतात. हे काम बहुधा कोणतेही औपचारिक प्रशिक्षण न मिळालेले मजूर करतात. कुऱ्हाड आणि करवत यांच्या धारेकडे लक्ष दिले जाते; दोराला मारलेल्या गाठीकडे तितके दिले जात नाही. प्रत्यक्षात झाडावर असताना मजुराचा जीव त्या गाठीवरच अवलंबून असतो.

दोन दोर, दोन अपेक्षा

गावातील एका जुन्या पिंपळाची ५० किलो वजनाची वाळलेली फांदी गोठ्याच्या पत्र्यावर आली आहे, असे उदाहरण घेऊ. ती उतरविण्यासाठी दोन स्वतंत्र दोर लागतात. एक चढणाऱ्या माणसाला धरतो, दुसरा फांदीला. हे दोर एकमेकांच्या जागी वापरू नयेत आणि शक्यतो एकाच आधारावरही टाकू नयेत. फांदीच्या दोराला झटके बसतात, तो सालीवर घासतो आणि त्याच्या आतील तंतू बाहेरून न दिसता तुटू शकतात.

दोन्ही दोरांवरील गाठींकडून असलेल्या अपेक्षाही वेगळ्या आहेत. माणसाची गाठ भार असतानाही सरकविता आली पाहिजे आणि सोडताच आपोआप धरली पाहिजे. फांदीची गाठ झटका सोसून न सरकणारी, परंतु फांदी जमिनीवर आल्यावर सहज सुटणारी हवी. निरगाठ घट्ट बसते, पण झटक्यानंतर ती सुटत नाही आणि दोर कापावा लागतो. सुरगाठ सहज सुटते, पण नको त्या वेळीही सुटू शकते. म्हणून प्रत्येक गाठीविषयी तीन प्रश्न विचारावेत: ताण आल्यावर ती काय करते, ताण ढिला पडल्यावर काय करते आणि ताणाची दिशा बदलल्यावर काय करते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक गाठी समाधानकारक देतात; अपघाताची शक्यता उरलेल्या दोन प्रश्नांत दडलेली असते.

दोराची निवड

जुन्या कपड्यांपासून पुन्हा सूत कातण्याच्या उद्योगासाठी पानिपत प्रसिद्ध आहे. अशा सुतातील तंतू आखूड असतो. तो घोंगडीला चालतो, माणसाचे वजन पेलणाऱ्या दोराला चालत नाही. चढण्याच्या दोरात अखंड, लांब तंतूंचा गाभा आणि त्यावर विणलेले आवरण असावे. वृक्षकामात साधारणपणे ११ ते १३ मिलिमीटर जाडीचे पॉलिएस्टर किंवा नायलॉन-मिश्रित दोर वापरले जातात. काथ्या, अंबाडी किंवा प्लास्टिकचे बाजारी दोर गुरे बांधण्यासाठी योग्य असले, तरी माणसाच्या आधारासाठी वापरू नयेत. प्लास्टिकच्या दोरातील पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६५ अंश सेल्सिअसला वितळते आणि वेगाने घसरणाऱ्या गाठीच्या घर्षणाने त्याला इजा होते. नायलॉन ओला झाल्यावर त्याची ताकदही काहीशी घटते.

कोणतीही गाठ दोराची ताकद कमी करते, कारण वळणाच्या बाहेरील बाजूच्या तंतूंवर अधिक ताण येतो. ही घट गाठीनुसार सर्वसाधारणपणे एक-पंचमांश ते एक-तृतीयांश इतकी असते. म्हणूनच जीवरक्षक दोरावर त्याच्या तुटण्याच्या मर्यादेच्या एक-दशांशाहून अधिक कार्यभार न टाकण्याची पद्धत रूढ आहे.

माणसाला धरणाऱ्या गाठी

चढण्याचा दोर मजबूत, जिवंत दुबेळक्यावरून टाकला जातो. सालीला इजा होऊ नये म्हणून तेथे कड्यांचा पट्टा बसवावा. दोराचे एक टोक हार्नेसला बांधतात आणि दुसऱ्या बाजूच्या दोरावर घर्षणगाठ बसवितात. या रचनेत वजन दोन पदरांत विभागले जाते, त्यामुळे घर्षणगाठीवर साधारण निम्माच भार येतो.

प्रुसिक : ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये ही गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचे बंद वेटोळे मुख्य दोराभोवती तीन वेळा स्वतःतूनच फिरविले की ती तयार होते. ती दोन्ही दिशांना धरते. वेटोळ्याची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीक असणे आवश्यक आहे; जाडी सारखी असल्यास पकड भरवशाची राहत नाही. मोठा भार आल्यावर ही गाठ आवळून बसते आणि सरकविण्यास जड जाते.

ब्लेक हिच : ही गाठ ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी १९८१ मध्ये मांडली आणि १९९४ मध्ये जेसन ब्लेक यांच्यामुळे वृक्षकर्मींमध्ये परिचित झाली. मुख्य दोराभोवती खालून वर चार फेरे घ्यावेत. सुटे टोक खाली आणून आपल्याच ताणाच्या पदरापुढून न्यावे, मुख्य दोरामागून फिरवावे आणि खालच्या दोन फेऱ्यांच्या आतून बाहेर काढावे. टोकाला अटकगाठ मारणे अनिवार्य आहे. वेगाने खाली उतरल्यास एकाच जागी घर्षण होऊन दोराचे आवरण चकाकते आणि कडक होते. असा भाग पुन्हा वापरू नये.

आठाची गाठ आणि बोलाइन : हार्नेसच्या कॅराबिनरसाठी दुपदरी आठाची गाठ उत्तम. तिचा आकार ओळखण्यास सोपा असल्याने चूक नजरेस येते. बोलाइन भारानंतर सहज सुटते, पण भार नसताना हलत राहिल्यास सैल होते. त्यामुळे माणसासाठी ती वापरताना सुटे टोक दुसऱ्या गाठीने अडवावे. दोन दोर जोडण्यासाठी रीफ गाठ वापरू नये. एक टोक ओढले गेल्यास ती उलटते आणि दोर निसटतात. त्या कामी दुहेरी मच्छीमार गाठ वापरावी.

करवत चालविताना मुख्य दोराखेरीज खोडाभोवती दुसरा आखूड दोरही बांधलेला असावा. पाते एका दोराला लागले तरी दुसरा राहतो.

फांदीला धरणाऱ्या गाठी

फांदीसाठी सरकफाशाची बोलाइन सोयीची असते: बोलाइनचा लहान फास करून त्यातून मुख्य दोर ओवला की तो फांदीभोवती आवळतो. ताणाच्या बाजूला, या फासापासून साधारण हातभर अंतरावर, एक अर्धफेरा घालावा. आधी अर्धफेरा आणि नंतर मुख्य फास भार घेतो, त्यामुळे फांदी एका टोकाने निसटत नाही.

क्लोव्ह हिच खोडावर पटकन बसते, परंतु दोराची दिशा बदलली की तिचे फेरे फिरू लागतात. तिच्यामागे दोन अर्धफेरे घातल्याशिवाय ती वापरू नये. टिंबर हिच ओंडका ओढण्यासाठी चांगली आहे. तिची पकड मात्र सलग ताणावर टिकते. ताण ढिला होताच ती सैल होते. झटके देत खाली येणाऱ्या फांदीला म्हणून ती योग्य नाही.

थांबलेले वजन आणि पडणारे वजन

आता पिंपळाच्या त्या फांदीकडे पुन्हा वळू. दोर वरच्या पुलीवरून खाली आला असेल आणि फांदी स्थिर टांगली असेल, तर फांदीचा ५० किलो आणि जमिनीवरून धरणाऱ्याचा तेवढाच ताण मिळून पुलीच्या आधारावर सुमारे १०० किलो भार येतो.

तीच फांदी एक मीटर मोकळी पडून मग दोरात अडकली आणि २५ सेंटीमीटरमध्ये थांबली, तर दोरावरील सरासरी ताण सुमारे २५० किलो होतो; पुलीच्या आधारावर तो ५०० किलोच्या आसपास जातो. जमिनीवरील माणसाने दोर हळूहळू सोडून ती एक मीटर अंतरात थांबविली, तर दोरावरील सरासरी ताण १०० किलोवर येतो. दोर आणि फांदी तीच असली, तरी थांबविण्याच्या पद्धतीने भार अडीच पटींनी बदलतो. म्हणून छाटणीपूर्वी दोरातील ढील काढून टाकावी आणि मोठी फांदी लहान तुकड्यांत उतरवावी.

दोर केवळ हाताने धरू नये. बुंध्याशी बांधलेल्या धातूच्या नळकांड्याभोवती फेरे दिल्यास घर्षण भार उचलते. घर्षणगुणांक ०.२५ धरला, तर दोन पूर्ण फेऱ्यांनी हाताचे बळ सुमारे २३ पट होते. म्हणजे ५० किलोची स्थिर फांदी अडीच किलोहून कमी ताकदीने धरता येते. दोर हाताभोवती किंवा कमरेभोवती गुंडाळणे मात्र कटाक्षाने टाळावे.

बांधणे, बसविणे, तपासणे

प्रत्येक गाठीसाठी चार पायऱ्या ठरवाव्यात. पदर एकमेकांवर न चढता नीट लावावेत. सर्व टोके ओढून गाठ घट्ट बसवावी. सुटे टोक दोराच्या जाडीच्या किमान दहा-बारा पट ठेवावे. शेवटी जमिनीपासून हातभर उंचीवर संपूर्ण वजन टाकून, झटका देऊन आणि पुन्हा ढील देऊन पाहावे. ढील दिल्यावर गाठीचा आकार तसाच राहिला, तरच वर जावे. सहकाऱ्यानेही ती गाठ पाहावी, कारण स्वतःची चूक स्वतःला सहसा दिसत नाही. जवळ वीजवाहिनी असल्यास पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत चढू नये.

समारोप

कोकणात व गोव्यात माडावर चढणारे पाडेली पायांतील दोरीच्या वेटोळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या विसंबले. हे कौशल्य असणारे हात कमी होऊ लागल्यावर नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ उपक्रम सुरू केला आणि तरुणांना यंत्राने चढण्याच्या प्रशिक्षणासोबत विम्याचेही संरक्षण दिले. पिंपळ, वड, कडुनिंब आणि आंबा यांच्या छाटणीसाठीही अशाच प्रशिक्षणाची गरज आहे. त्याला महागडी सामग्री लागत नाही: एक चांगला दोर, पाच-सहा गाठी आणि जमिनीवरचा सराव यांपासून सुरुवात होते. डोळे मिटून, ओल्या हातांनीही अचूक बसेल अशीच गाठ झाडावर न्यावी. योजनेतून जुन्या वृक्षाला दरवर्षी पैसे मिळत असतील, तर त्याच्यावर चढणाऱ्या माणसाला एक दोर आणि एक दिवसाचे शिक्षण मिळणे हा त्याच जोपासनेचा भाग मानला पाहिजे.