गल्ल्याशेजारचं पवित्र शास्त्र

नगर जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात आमचं किराणा दुकान आहे. यजमान गेल्यापासून, म्हणजे २३ वर्षं, मीच ते चालवते. गल्ल्याच्या उजव्या हाताला उधारीची वही असते, डाव्या हाताला पवित्र शास्त्र. सकाळी दुकान उघडल्यावर पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत एक अध्याय वाचायचा, ही सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. लहानपणी संडे स्कूलमध्ये वचनं तोंडपाठ म्हणून मी बक्षिसं मिळवली होती. त्यांचा अर्थ मात्र या दुकानात बसून, हळूहळू आणि बहुतेक वेळा चुकल्यावर कळला. जे कळलं ते सांगते.

१. आधी आपला पासंग पाहावा

रिकाम्या तराजूचं एक पारडं खाली राहिलं, तर त्या फरकाला पासंग म्हणतात. सासरे रोज सकाळी रिकामा तराजू उचलून काटा मध्यावर येतो का ते बघत. दुकान माझ्या हाती आलं आणि धावपळीत ती सवय सुटली. एके दिवशी मालाचं पारडं पुसायला उलटं केलं, तर तळाला गुळाचा खडा चिकटून वाळलेला. किती दिवसांचा होता कोण जाणे! तेवढे दिवस प्रत्येक गिऱ्हाइकाला माल कमी गेला होता.

मुद्दाम केलं नाही, अशी मनाची समजूत घालत होते. पण पिशवीत लहान-मोठी अशी दोन प्रकारची वजनं ठेवू नयेत, ही ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २५व्या अध्यायातली आज्ञा डोळ्यांपुढून हलेना. मूळ हिब्रूत तिथे ‘दगड’ असाच शब्द आहे, कारण तेव्हा वजनं दगडाचीच असत. मग ठरवलं. आठवडाभर नेहमीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला खरं काय ते सांगितलं आणि साखरेत मूठभर जास्तीची घातली. सांगताना जीभ जड झाली होती, पण एकानेही दुकान सोडलं नाही.

शेजाऱ्यावर प्रीती करा आणि तराजू खरा ठेवा, या दोन्ही आज्ञा लेवीयच्या एकाच, १९व्या अध्यायात आहेत. आता दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आहे. तरी रोज सकाळी तो पुसून शून्य आलं का, ते मी स्वतः बघते.

२. वचन तोडून घेऊ नये, अध्याय वाचावा

आमच्या कॅलेंडरवर एका वर्षी यिर्मयाच्या २९व्या अध्यायातलं ११वं वचन छापलेलं होतं. देवाच्या मनात आपल्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अशा अर्थाचं ते वचन ख्रिस्ती घरांत ठायीठायी दिसतं. त्याच वर्षी पुण्यात मुलाची नोकरी सुटली. कॅलेंडरकडे बोट दाखवून त्याने विचारलं, “आई, मग कधी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अख्खा अध्याय काढून दोघांनी वाचला. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यरुशलेमहून पाठवलेलं ते पत्र आहे. ११व्या वचनाच्या आधीच्याच वचनात ७० वर्षांची गोष्ट आहे. त्याच्याही आधी सांगितलंय की तिथेच घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा आणि ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ते आश्वासन लांबलचक वाट पाहणाऱ्यांना दिलेलं आहे, आणि वाट पाहताना काय करायचं तेही सोबत दिलेलं आहे. मुलाने एका वर्कशॉपमध्ये मिळेल ते काम धरलं. मनासारखी नोकरी लागायला अकरा महिने गेले, पण ते महिने त्याने हातावर हात ठेवून काढले नाहीत.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध शास्त्र सोप्या मराठीत आणण्यात घालवली. साध्या बायाबापड्यांनाही ते वाचून कळावं, ही त्यांची तळमळ होती. आपण त्यातली चार गोड वचनं तेवढी वेचून घ्यावीत, हे मला बरं वाटत नाही.

३. भाकर रोजची मागावी

प्रभूच्या प्रार्थनेत आपल्या मराठी शास्त्राने ‘भाकर’ हा शब्द ठेवला आहे. तव्यावरून उतरलेली, त्या दिवसाची. अरण्यात इस्राएलांना खायला मिळणारा मान्नाही दिवसापुरताच असे. सकाळसाठी राखून ठेवलेल्यात किडे पडत, फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा.

घाऊक व्यापाऱ्याचं देणं थकलं तेव्हा रात्र रात्र डोळा लागत नसे. तेव्हापासून सकाळी एका चिठ्ठीवर त्या दिवशी निभावायचं तेवढंच लिहिते. बाकीचं वहीत राहतं. आकाशातल्या पाखरांकडे पाहा असं प्रभूने सांगितलं, पण पाखरूही उजाडताच घरट्यातून निघतं. काळजी सोडायची, काम नाही.

मात्र ‘काळजी करू नका’ हे वचन दुसऱ्याला ऐकवण्याआधी मी त्याच्या पिशवीत तेल-मीठ घालते. उघड्या-उपाशी माणसाला नुसतं ‘सुखाने जा’ म्हणून काय उपयोग, असं याकोबाने दुसऱ्या अध्यायात विचारलंच आहे.

४. दुःखाच्या घरी डबा न्यावा

यजमान गेले तेव्हा खूप लोक आले, खूप वचनं सांगून गेले. मला त्यांतलं एकही आठवत नाही. आठवते ती शेजारची मुसलमान बाई. तिने पिठलं-भाकरी आणली, ताटलीत वाढली आणि मी खाईपर्यंत गप्प बसून राहिली. निघताना माझ्या अंगावर चादर ओढून गेली.

पुढे १ राजेचा १९वा अध्याय वाचताना मला ती दिसली. थकून गेलेला एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. देवाचा मंद आवाज त्याच्या कानी पडतो तो त्यानंतर. ईयोबाचे मित्रही सात दिवस जमिनीवर मुकाट बसले होते तोवर खरे सोबती होते. बोलू लागले आणि बिघडलं.

५. वचन फेकून मारू नये

सून नव्याने घरात आली होती. एका सकाळी उशिरापर्यंत झोपलेली पाहून मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात नीतिसूत्रांतली मुंगी काढली, आळशाने जिच्याकडे जाऊन शिकावं ती. सून उठून बसली आणि हळूच म्हणाली, “आई, रात्रपाळीहून पहाटे आले. दोन पेशंट गेले काल.” ती नर्स आहे. मला ठाऊक होतं, पण ठाऊक असूनही बोलले.

कुसळ आणि मुसळ तर मराठी शास्त्रात शब्दशः आहेत. त्या दिवसापासून एक नेम केला. जे वचन दुसऱ्याला सांगावंसं वाटेल, ते आठवडाभर आधी स्वतःला लावून पाहायचं. बहुतेक वेळा आठवड्यानंतर ते सांगायची गरजच उरत नाही.

६. अर्पण तिथेच ठेवून निघावं

हा धडा सगळ्यांत अवघड गेला. माहेरच्या घराच्या वाटणीवरून भावाशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. वेदीपाशी भावाचं मन दुखावल्याची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात शंभरदा वाचलं होतं. एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं, की प्रभू हे गालीलात बोलत होते आणि वेदी होती यरुशलेमेत. पायी तीनेक दिवसांची वाट. तेवढं मागे जायचं, भावाला भेटायचं आणि पुन्हा तेवढं चालून यायचं. माझा भाऊ तर एसटीने चाळीस मिनिटांवर राहत होता.

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. मी प्याला घेतला नाही. उठले आणि तशीच स्टँडवर गेले. भावाने दार उघडलं. “सलाम,” म्हटलं, त्यानेही सलाम केला. हिशेब त्याचा बरोबर की माझा, हे तेव्हा सुटलं नाही आणि आजही सुटलेलं नाही. मी एवढंच म्हणाले, “दादा, आईच्या स्मरणाच्या प्रार्थनेला मी तुला बोलावलं नाही, ती माझी चूक.” तो बराच वेळ बोलला नाही. मग वहिनीला म्हणाला, “हिने सकाळपासून काही खाल्लेलं नसेल.”

पुढच्या महिन्याच्या प्रभुभोजनाला तो आमच्या चर्चमध्ये आला आणि माझ्या शेजारी बसला. प्याला हातात घेताना माझा हात थरथरत होता. त्याने खालून हाताला आधार दिला.