स्वादुपिंडातील खडे : उपचारांचा ताळेबंद

स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे अडकले म्हणजे पाचकरस तुंबून तीव्र पोटदुखी उद्भवते. देवणी परिसरास तुलनेने जवळ असलेल्या हैदराबाद येथील एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीमध्ये ५ मि.मी.हून मोठे खडे शरीराबाहेरून दिलेल्या आघातलहरींनी फोडून, आवश्यकतेनुसार दुर्बिणीद्वारे काढले जातात. काही रुग्णांत नलिकेत सूक्ष्म दुर्बीण नेऊन लेसर वापरतात. यात पोटावरील छेद टळतो. परंतु उपचाराच्या फेऱ्या वाढू शकतात. शस्त्रक्रियेत नलिका उघडून आतड्यास जोडतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३९ रुग्णांच्या डच अभ्यासात शस्त्रक्रियेने ७५ टक्के, तर दुर्बिणीच्या उपचाराने ३२ टक्के रुग्णांस पूर्ण वा अंशतः आराम पडला. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनी केवळ पहिल्या खर्चाकडे न पाहता पुढील खेपांचाही हिशेब तज्ज्ञांकडून समजून घ्यावा. वेदनाशामकांवर वर्षे काढू नयेत. मद्य व तंबाखू मात्र आजच वर्ज्य करावेत.