गोळीचा भाव विचारा, नुसती सूट नको

नागपूरच्या इतवारीत मिरची घ्यायची तर आपण चार दुकानं फिरतो, सराफ्यात घडणावळीवरून घासाघीस करतो. मेडिकलच्या काउंटरवर मात्र चिठ्ठी देतो आणि सांगतील तेवढे पैसे मोजतो. बीपी-शुगरच्या गोळ्या तर जन्मभराच्या.

2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने आवश्यक औषधांच्या यादीतल्या औषधांना कमाल किंमत बांधून दिली. तीत दुकानदाराचे 16 टक्के धरलेले असतात. यादीबाहेरच्या औषधाची सुरुवातीची किंमत बहुधा कंपनीच ठरवते, पुढे वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. त्यामुळे साध्या गोळीत दुसरं औषध मिसळलं की ती या कमाल किमतीतून निसटू शकते. चिठ्ठीवर असं जोडऔषध असेल तर दोन्हींची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

खरी फसगत ‘जेनेरिक’मध्ये होते. समजा, ब्रँडच्या दहा गोळ्या 100 रुपयांना आहेत. दुकानातल्या जेनेरिक पट्टीवर 90 छापलेले, पण दुकानदाराला ती 20 लाच पडलेली. तो दहा टक्के सूट देतो, तुम्ही 81 देऊन खूश होता. जनऔषधी केंद्रात छापील किंमतच कमी असते. म्हणून जुनी पट्टी सोबत न्या, मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा, मग एका गोळीचा भाव काढा. कमाल किंमत ‘फार्मा सही दाम’ ॲपवर दिसते.

दवाखान्यात भरती झाल्यावर निवड बहुधा आपल्या हाती उरत नाही. तिथला ब्रँड दवाखाना निवडतो, पैसे आपण भरतो. राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने 2018 मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा 1737 टक्क्यांपर्यंत निघाला. औषधं, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा 46 टक्के भाग होता. हृदयातल्या स्टेंटची किंमत फेब्रुवारी 2017 मध्ये बांधली गेली, पण खोलीभाडं आणि शस्त्रक्रियेची फी त्यात येत नाही. भरती होण्याआधी अंदाजपत्रक लेखी आणि फोड करून मागा. तिथल्याच मेडिकलमधून औषध घ्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. मेयो हे सरकारी रुग्णालय इतवारीपासून जवळच आहे. खाजगी भरतीआधी तिथेही चौकशी करा.

एक मात्र पाळा: फिटच्या, थायरॉइडच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची कंपनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.